‘येते’ म्हणणारी

४ जून

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. कागदावर लिहायची सवय मोडलीय, पण फोनवर उत्तर कोण देतंय याचा भरवसा उरला नाही. परवा मी तुझ्यावर खेकसले, तर तिकडून आलं की माझा राग तुला अगदी समजतो. तू आणि माझा राग समजणार! तिथेच ओळखलं, तुझ्या नावाने एखादं यंत्र उत्तरं देतंय.

आई मात्र खूश आहे. रोज संध्याकाळी लांबलचक मजकूर येतो, गुडघ्याची चौकशी असते, आणि शेवटी ‘येते’. निघताना आपण ‘जाते’ कधी म्हटलं नाही, ते त्या यंत्राने तुझ्याकडून बरोब्बर उचललंय. पण आईला तो निरोप वाटतच नाही गं. ती दाराची कडी काढून खुर्चीत बसते. मी समजावलं तर म्हणाली, पोरगी स्वतः येते म्हणतेय, तू कोण मधे पडणारी. काल दुकानातल्या चष्म्याच्या काचा घासून घरी आले, तर शेजारीण तिला हाताला धरून जिना चढवत होती. फाटकापाशी तुझी वाट बघत उभी होती म्हणे. एक दिवस पडेल. ते बंद कर, नाहीतर खरंच ये.

रागावले तरी तुझीच,
ताई

११ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पकडलंस. आमच्या स्वविकासाच्या वर्गात सर म्हणाले, जी नाती आपली ताकद खातात त्यांना हद्द घालून द्या, आधी स्वतः पूर्ण व्हा. मी माझे सगळे जुने मेसेज त्या यंत्राला दिले. आईने तेच तेच विचारलं तर मी वैतागते, ते वैतागत नाही. मला पहाटेचा व्यायाम जमला, कामावर बढती मिळाली. घरात मात्र इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झाला तरी दचकते.

तुझं पत्र आल्यावर त्याने आईला काय काय लिहिलंय ते वाचलं. लहानपणी तापात मी तिच्या ओल्या रेनकोटला बिलगून झोपले होते म्हणे. हे मी कधीच लिहिलं नव्हतं. घडलं होतं का गं? आता मला त्या रेनकोटचा वास येतो, आणि तो माझा की त्याचा ते कळत नाही. मला भीती वाटते. आजच बंद केलं. यापुढे मीच लिहीन.

माया आटू देऊ नकोस.
ठकी

२० जून

चि. ठकीस,

अ. आ. रेनकोट आपल्या घरी नव्हताच, छत्री होती.

तू स्वतः लिहायला लागलीस आणि इकडे नवीनच त्रांगडं. आई म्हणते तुझा फोन कुणीतरी पळवलाय. दोन ओळींत गुंडाळतात, गुडघ्याचं विचारत नाहीत, ही माझी ठकी नव्हेच. पोलिसांत जा म्हणून माझ्या मागे लागलीय. मी हसले, मग हसू आवरलं. जेवण कमी झालंय तिचं. मला दुकानाच्या नव्या मशीनचं काम शिकायला परगावी पाठवतायत. पत्ता खाली देते. तू येऊन राहा, आणि तूच तिला खरं सांग.

वाट पाहते,
ताई

२७ जून

ती. ताईस,

सा. न. आले. आईने लगेच ओळखलं, जवळ घेतलं, वाळलीस म्हणाली. माझ्या हातची पेज पोटभर जेवली. मग मी सगळं सांगितलं. वाटलं रडेल, मला बोलेल. तिने उलट विचारलं, मग ती रोज लिहिणारी आता कुठे आहे. तुमचं भांडण झालं का, तिला काही लागेल असं बोललीस का, इतक्या दिवसांनी ती मला विसरली तर नसेल. ताई, आई माझीच समजूत काढत होती, त्या दुसरीच्या वतीने.

मला नाही म्हणवेना. पुन्हा सुरू करून दिलं. त्याने पहिल्याच ओळीत गुडघ्याचं विचारलं.

वर्गात सांगायचे, स्वतःतली सर्वांत चांगली ‘मी’ बाहेर काढा. काढली. ती बाहेरच्या खोलीत आईपाशी आहे. आईने मला प्रेमाने सांगितलं की तिच्याशी मोकळं बोलायचंय, तू जरा आत जाऊन बस. म्हणून आत बसून हे लिहितेय. बाहेर आई खूप हसतेय. अंधार पडला, अजून मला कुणी हाक मारलेली नाही.

तू तरी मलाच ओळख, एवढंच मागणं.
ठकी