शाल नीट पांघरा

तीर्थपुरी,
१४ डिसेंबर

चि. माऊली,

मामाचा आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. रिटायर मास्तर लिहायला बसला की आवरत नाही, तेवढं सोसून घे.

परवा शहागडहून तुझी आई आली होती. तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. तू दवाखान्यात डाव्या हाताने सही गिरवतोस, असं अक्काच म्हणाली. आमची तूर बरी आहे. कापसाची एक वेचणी राहिली.

गावात तुम्हा जवानांचा सत्कार झाला, त्याबद्दल लिहायचं होतं. मंडप छान होता, गर्दीही झाली. माइक दिसला की तुझ्या मामाला तहानभूक राहत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तालुक्यात कुठलाही कार्यक्रम असो, सूत्रसंचालन माझंच.

आमदारसाहेबांचं भाषण तू ऐकलंस. "आपण घुसून मारलं आणि आपल्या एकाही जवानाला ओरखडा नाही. आता मोठी लढाई होऊ द्या, तुमच्या पोरांच्या केसालाही धक्का लागणार नाही." तू तिथेच, तिसऱ्या खुर्चीवर, अंगावर शाल. टाळ्या थांबेनात. आमच्या शेजारचे काकासाहेब उठून म्हणाले, "साहेब, माझे दोन्ही पोरं न्या."

मग मी आभार मानले. साहेबांच्या स्पष्टवक्तेपणाचेही मानले.

आता खरं लिहितो. साहेबांच्या माणसाने मला आधीच बाजूला घेतलं होतं. "मास्तर, शाल नीट पांघरा. उजवीकडून." मला काय ते कळलं. तू दवाखान्यातून परस्पर आला होतास, त्या कारवाईत उजवा पंजा गेल्याचं घरच्यांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मी शाल पांघरली, घसरू नये म्हणून खांद्याशी पिन लावली आणि नारळ तुझ्या डाव्या हातात दिला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पुढचं नाव पुकारलं.

एवढ्यावर थांबलं असतं, तर साहेबांच्या नावाने बोटं मोडून मोकळा झालो असतो. पण आठवड्याने काकासाहेब बाजारात भेटले. थोरल्याला भरतीला धाडायचं चाललं होतं.

"मास्तर, माऊलीला खरंच काही झालं न्हाई ना? लोकं कायबी बोलून राह्यले."

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

"मंग बराबर," म्हणून ते गेले.

तिथे साहेब नव्हते, माइक नव्हता, कोणी दटावलंही नव्हतं. मला माझीच लाज वाटते, माऊली. त्यानंतर दोनदा त्यांच्या अंगणापर्यंत जाऊन परत आलो.

पुढल्या महिन्यात अंबडला सभा आहे. विषय तोच, मोठ्या लढाईला पाठिंबा. सूत्रसंचालन मलाच सांगितलंय. साहेबांचं भाषण झालं की माइक माझ्याकडे येईल, तेव्हा तुझ्या हाताचं सांगावं असं मनात आहे. पण हात तुझा आहे. त्या दिवशी तुला न विचारता झाकला, आता न विचारता लोकांपुढे मांडणार नाही. हो किंवा नाही, एका शब्दात कळव. नाही म्हणालास किंवा काहीच कळवलं नाहीस, तर मी अंबडला जाणार नाही.

काकासाहेबांना मात्र आजच सांगतोय. त्यासाठी तुझी परवानगी मागत नाही, पोरं त्यांची आहेत. पत्र टाकून तसाच त्यांच्याकडे जातो.

तुझा अपराधी मामा,
बद्रीनाथ