वहिनी, दांडी कडीतूनच गेलीय!

प्रिय वहिनी,

द्वारका चौकातल्या सायबर कॅफेतून तुझ्या सरांकडे जाऊन आत्ताच घरी आले आणि लगेच लिहायला बसले. आईला सांगून झालं, शेजारी सांगून झालं. पण ज्या माणसाला सांगायचं ती तर तू! पुण्याहून चित्र आलं. दांडी कडीतूनच गेलीय! तुझंच खरं होतं गं!

तू दादाशी लग्न करून आलीस तेव्हा मी बारावीत होते. केमिस्ट्री म्हणजे नुसतं पाठांतर, असं मी म्हणाले, तर तू हाताला धरून मला तू शिकवायचीस त्या कॉलेजच्या लॅबमध्ये नेलंस. एका नळीत क्राउन ईथर, म्हणजे रेणूची गोल कडी, आत ऑक्सिजन ओवल्यासारखे. दुसरीत धनभार असलेला दांडीसारखा लांब रेणू. तुझ्या बापूंच्या निफाडच्या मळ्यातल्या तणनाशकाची म्हणे ती चुलत बहीण! दोन्ही द्रावणं पाण्यासारखी दिसत होती. तू एकीत दुसरी ओतलीस आणि क्षणात नारिंगी रंग!

"दांडी कडीत कुणी ओवली?" मी विचारलं.

"कुणीच नाय! तिची तीच घुसते. कडीतल्या ऑक्सिजनला तिच्या भाराची ओढ. लय भारी हे, नाय?"

वर्गात पुस्तकी बोलणारी तू, आनंद झाला की थेट निफाडला पोचायचीस!

मग तुझा ध्यास सुरू झाला. दांडी आत शिरली की तिच्या दोन्ही टोकांना जाड गाठी जोडायच्या, म्हणजे कडी निसटणारच नाही. दोघींमध्ये एकही बंध नाही, तरी कायमच्या एकत्र! पीएचडीला तू हेच घेतलंस. पण तुझे सर मानेनात. "कडी बाहेरून चिकटली असेल. रंग तर शेजारी बसूनही येतो. ओवल्याचा पुरावा कुठाय?"

त्या दिवशी तू घाईघाईनं जेवलीस. हात धुताना म्हणालीस, "स्फटिक वाढवते. एक्स-रेनं आतलं चित्रच काढून दाखवते त्यांना."

स्फटिक वाढेनात, दरवेळी पावडर. त्यात कावीळ झाली. डोळे पिवळे झाले तरी कॉलेजला का जात राहिलीस गं? "एवढं होऊ दे," म्हणत राहिलीस. दादाला अजून तुझ्या याच गोष्टीचा राग येतो. मलाही येतो.

एम.एस्सी. झाल्यावर मी तुझ्याच सरांकडे गेले. म्हटलं, वहिनीचं काम पुढे न्यायचंय. ते म्हणाले, "स्फटिक मिळाले नाहीत तर हात रिकामे राहतील." मी म्हणाले, "राहू देत."

माझीही पावडरच व्हायची! पण या हिवाळ्यात खिडकीतल्या बाटलीत स्फटिकांच्या लालसर सुया दिसल्या, काचेसारख्या स्वच्छ. एसटीत मांडीवर धरून एक्स-रेसाठी पुण्याला नेल्या.

आज चित्र उघडताना दादा शेजारी बसला होता. कॅफेतल्या त्या मंद मशीनवर ते वरून खाली, पट्टी पट्टीनं उमटत होतं. आधी गाठ. मग दांडी. मग नुसतीच दांडी.

"कडी कुठंय?" दादानं विचारलं. मी खुर्ची पुढे ओढली.

आणि मग वहिनी, दांडीच्या डावीकडे एक कमान, उजवीकडे दुसरी, आणि दांडी बरोब्बर मधून! मी किंचाळलेच. कॅफेवाला धावत आला, "मॅडम, नोकरी लागली का?"

"नाही हो," दादा म्हणाला. डोळे पुसत होता, हसतही होता. "माझ्या बायकोचं बरोबर आलं."

तिथून तडक सरांकडे गेलो. त्यांनी छापून नेलेलं चित्र निरखून पाहिलं, चष्मा काढला. "मी चुकलो," म्हणाले. "बरं झालं चुकलो!" आणि लगेच शोधनिबंधाचं बोलायला लागले. पहिलं नाव तुझं, हे त्यांनीच ठरवलं. मग हळूच विचारलं, "नावाआधी कैलासवासी लिहायचं ना?"

मी नाही म्हणाले. आता दोन कड्या एकमेकींत अडकवायच्या आहेत, त्या निबंधावरही तुझं नाव असेल, आणि तेही नुसतंच, माझ्या नावाच्या आधी. हे वचन.

नणंद कमी, विद्यार्थिनी जास्त,
तुझी मंजू