चंद्रीला घातलेला भरडा

३ जाने.
वहिनी जरीपटक्याला लेकीकडे गेली. बाळंतपण आहे, महिना तरी लागेल. दादा गेल्यापासून या पाच बकऱ्या तिनंच सांभाळल्या, आता माझ्याकडे. जाताना बजावलं, चारा भरपूर, दाणा मूठभरच. चंद्री गाभण आहे, तिच्याकडे लक्ष.

६ जाने.
इतवारीच्या बाजारातून मक्याचा भरडा आणला. वहिनी परतेल तेव्हा ओळखू येऊ नयेत इतक्या धष्टपुष्ट करायच्या बकऱ्या. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच हाताला काम.

९ जाने.
भरडा दुप्पट केला. तुटून पडतात. चाऱ्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तो आणणंच सोडलं.

१५ जाने.
चंद्रीला हगवण. आंबूस वास. थंडी बाधली असेल. ओवा दिला. अशक्तपणा नको म्हणून भरडा चालूच. वहिनीचा फोन आला, चंद्री कशी हाये? मजेत, म्हणालो. उगाच काळजी कशाला.

१७ जाने.
चंद्री भिंतीवर धडकली. मग मान मागे ताणून आभाळाकडे बघत उभी. डोळ्यासमोर हात नेला, पापणी हलली नाही. मौद्याहून डॉ. आले. गव्हाणीतला भरडा चिमटीत घेतला.
"चारा कुठी हाये, काका?"
आणणं सोडलं, म्हणालो. त्यांनी सांगितलं, बकरीच्या पोटातले जंतूच तिच्यासाठी बी-वन जीवनसत्त्व बनवतात. दाणा अति झाला की पोट आंबतं, जंतू मरतात, बी-वन संपतं, मग मेंदूवर जातं. बी-वनची इंजेक्शनं सुरू. पाचहीजणींचा दाणा बंद.
"हगवण लागली तवाच बोलवाले पायजे होतं."

१९ जाने.
मान सरळ झाली. दिसत नाही. सुबाभळीचा पाला नाकाशी धरला की खाते.
सकाळी गाभ पडला. दोन पिल्लं. दोन्ही…

२० जाने.
वहिनीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच:
"मी इचारलं तवा काहून नाई सांगितलं, भाऊजी?"


२३ जाने.
वहिनी आली. पिशवी खाली न ठेवता सरळ गोठ्यात. चंद्रीनं आवाज ओळखला, चाचपडत तिच्याकडे आली. मी माफी मागितली. पाणी आणा म्हणाली, चंद्रीसाठी.

२५ जाने.
डॉ. येऊन गेले. नजर परतेल, न परतेल, आत्ता सांगता येत नाही म्हणाले. लेकीचे दिवस भरत आले. दोनदा फोन, आई कधी येतेस? पाहू, म्हणाली वहिनी. बकऱ्या कोणाकडे सोडणार ते काही बोलली नाही. माझ्याकडे ठेव म्हणायला माझंही तोंड उघडलं नाही.