नदीकाठचं गवत

निंबवाडी, ता. पैठण
१४ नोव्हेंबर २०२५

चि. कडूबास,
ताईचे पुष्कळ आशीर्वाद. रूपाची कंबर आता कशी आहे? दुकानात लग्नसराईची गर्दी असेल, तरी वेळेवर जेवत जा. फोनच केला असता, पण हे जवळ बसलेले असतात, आणि गोष्ट यांचीच आहे.

धरणाचं पाणी सोडलं तेव्हा नदीकाठचं आपलं सगळं गवत गाळाखाली गेलं, ते तुला ठाऊक आहे. ते गवत हबीबभाईंनी म्हशींसाठी हंगामभर चराईला घेतलं होतं. पैसेही पेरणीच्या वेळीच देऊन टाकले होते. म्हणजे नुकसान त्यांचं. पण गेलेल्या वैरणीची सरकारी मदत परवा तुझ्या दाजींच्या खात्यावर आली, आणि हे गप्प आहेत. विचारलं तर म्हणाले, जमीन कोणाच्या नावावर आहे?

हबीबभाईंची शकीला मला रोज नळावर भेटते. मी खाली बघूनच हंडा भरते. वहिनी, आजारी आहात का, असं तिनं काल विचारलं. लई लाज वाटली रे. काय करू ते कळव.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी ताई,
द्वारकाबाई

गुलमंडी, छत्रपती संभाजीनगर
१९ नोव्हेंबर

ती. ताईस,
कडूबाचा शि. सा. न. रूपा बरी आहे, आता मलाच कामाला लावते. तुझं पत्र वाचून हसू आलं. लहानपणी पेरू मी चोरायचो आणि रडायचीस तू. अजून तशीच आहेस.

सातबारा दाजींचा, म्हणून मदत दाजींना. यात चोरी कसली? हबीबभाईंना काही माहीत नसेल तर तू सांगायला जाऊ नको. एखादं पेंडीचं पोतं पाठवून दे, तुझ्याही मनाला बरं वाटेल. थोड्या दिवसांनी सगळे विसरतात.

दाजींना नमस्कार. रागावू नको, लोभ असू दे.
तुझा,
कडूबा

निंबवाडी
२ डिसेंबर

चि. कडूबास,
अनेक आशीर्वाद. तुझं ऐकलं. पेंडीचं पोतं पाठवलं, हबीबभाईंनी आभार मानून ठेवून घेतलं.

पण वैरण पुरेना म्हणून गेल्या आठवड्यात त्यांनी दुभती म्हैस विकली. टेम्पोत चढवताना ती ओरडत होती. मला घरात बसवेना. शकीलाकडे गेले आणि मदतीचं सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली.

"माहीत आहे, वहिनी," ती म्हणाली. "पंचनाम्याला साहेबांनी विचारलं, गवत कोणाचं? दादा म्हणाले, आमचंच, चराईला कोणाला दिलेलं नाय. आमचे हे त्यांच्या मागंच उभे होते."

मग हबीबभाई बोलले का नाहीत, असं मी विचारलं. चारचौघांत दादांना खोटं कसं पाडायचं, असं ते घरी येऊन म्हणाले होते म्हणे.

मी घरी आले आणि यांना ते जसंच्या तसं सांगितलं. हे ताटावरून उठले. सकाळी पैसे काढून आणले आणि एकटेच हबीबभाईंकडे गेले. हबीबभाईंनी पैसे घेतले, चहा पाजला, वावरातला गाळ कसा काढायचा यावर बोलत बसले. बाकी एक शब्द नाही. परत आल्यावर हे म्हणाले, "दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." तेव्हापासून पारावर जात नाहीत.

म्हैस मात्र गेली ती गेलीच.

स्वतःला जप, आमची आठवण ठेव.
तुझी ताई,
द्वारकाबाई

गुलमंडी
८ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. तुझं पत्र रूपानं मोठ्यानं वाचलं. "तुझं ऐकलं" इथं ती थांबली. तुम्ही ताईंना काय सांगितलं होतं, असं तिनं विचारलं. मी दुकानाचं निमित्त काढून उठलो.

येत्या रविवारी पहिल्या एसटीनं येतो. आधी हबीबभाईंकडे जाईन म्हणतो, पण तिथं बसून काय बोलायचं ते सुचत नाही. दाजींनी घेतलं होतं, ते परत तरी दिलं. मी फक्त गप्प राहायला सांगितलं. मी परत काय देऊ?

तू बरोबर येशील ना?
तुझा,
कडूबा