गोवरीतली बोरमाळ

मु. कारेगाव
धुळवडीचा दुसरा दिवस

ती. वच्छलाआक्कास बाळासोचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे काय म्हणतात? केडगावची थंडी गेली, तसा दाजींचा खोकलाही गेला असेल. इकडे सगळे खुशाल आहेत, माझी अक्कल तेवढी सोडून.

कंपन्या आल्यापासून गावात चोऱ्या वाढल्या, हे तुला ठाऊक आहेच. पिठाचा डबा, देवाच्या तसबिरीमागची जागा, कपाटातल्या साड्यांच्या घड्या, हे सगळं चोरांना आता आपल्यापेक्षा जास्त माहीत. म्हणून दिवाळीच्या आधी मी डोकं चालवलं (इथंच चुकलं). आईनं तुला आणि धुरपदेला सारखीच केलेली बोरमाळ, त्यातली हिची, पिशवीत बांधून शेणाच्या गोळ्यात घातली आणि स्वतःच्या हातानं गोवरी थापून ढिगात सरकवली. हिला सांगितलं, शिरूरला बँकेत ठेवली. (बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं माझं तेव्हा मत होतं.)

पण गोवरी थापायला हात लागतो, हे मी जमेस धरलं नव्हतं. धुरपदेची गोवरी भाकरीसारखी गोल, वर पाची बोटं उठलेली. माझी म्हणजे म्हशीनं पाय दिलेली. परवा पोरं होळीला गोवऱ्या मागायला आली, आणि होळीला कोणती बाई चांगली गोवरी देते? मी शिफ्टवरून आलो तेव्हा होळी पेटलेली, आणि ही म्हणते, "ती वाकडी पयली दिली बघा. कुणी थापली हुती कुणास ठावं."

आक्का, मी बोंबच मारली. होळीच असल्यानं कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

काल सकाळपासून राख चाळत बसलो. शेजारच्या आबांनी विचारलं, "नवस हाय का रं?" मी व्हय म्हटलं, तर पुण्य मिळेल म्हणून तेही चाळण घेऊन शेजारी बसले. नजर त्यांची माझ्यापेक्षा चांगली, त्यामुळं माझं अर्धं लक्ष राखेत आणि अर्धं आबांच्या हातात. (धुरपदा दोघांना चहा देऊन गेली. चेहरा अगदी गरीब गाईचा.) दुपारपर्यंत मूठभर खिळे आणि एक कडी सापडली. घरी जायला पाय उचलेना. आईनं स्वतः हिच्या गळ्यात घातलेली माळ होती ती.

थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा राखेनं माखलेला भाऊ,
बाळासो

ता. क. रविवारी दौंडला हिच्या भाच्याचं लग्न आहे. तुझी बोरमाळ चार दिवस दे. दाजींना बोलू नकोस, मी स्वतः न्यायला येतो.

दुसरा ता. क. राहू दे. पाकीट चिकटवायला भाताची शितं आणायला आत गेलो, तर ही आरशासमोर बोरमाळ घालून उभी. माझी गोवरी हिनं दिवाळीतच फोडली होती आणि माळ काढून घेऊन तुकडे परत ढिगात ठेवले होते. इतके दिवस बोलली का नाहीस म्हटलं, तर म्हणाली, "तुम्ही कवा सांगताय ते बघत हुते." आक्का, मान वर करवली नाही बघ. मग निदान आता माळ ठेवतेस कुठं, तेवढं तरी सांग म्हटलं.

"तुम्हाला? फुडची होळी काय लांब न्हाई."