बाबांनी बंद केलेलं गाणं

७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आईच्या देखत बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा हात पुष्कळ सुधारला, पण तोंडातून शब्द नाही. तहान लागली तरी नुसते बघत राहतात. जन्मभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत कपडे शिवणारा माणूस असा गप्प बसलेला बघवत नाही गं.

स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, बोलणं अडलं तरी कधीकधी गाणं निघतं आणि त्यामागून शब्दही येतात. त्यांचं सगळ्यात आवडतं गाणं लावा, एकच, जिवाभावाचं. झालं! काका म्हणाले, शाळेतलं कवायतीचं. मी म्हटलं, दाढी करताना गुणगुणायचे ते. दोन्ही लावून झाली, बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. आई म्हणते, काहीही लावा, पण ते जुन्या सिनेमातलं खिडकीचं गाणं नको. तिचं एवढं लाडकं, पण ते रेडिओवर लागलं की बाबा खटकन बंद करायचे ना!

आता तूच सांग. आईसमोर उसनं हसून माझे गाल दुखायला लागलेत.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
भुंग्या


१३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

आजारी माणसाला कवायतीचं गाणं? काकांना म्हणावं, तुम्हीच आधी दोन उठाबशा काढा.

अरे वेड्या, खिडकीचंच लाव. तू तेव्हा गल्लीत उंडारत असायचास, मी मशीनशेजारी काजं-बटणं करत बसायचे. बाबा रेडिओ बंद करायचे हे खरं. आई फणकाऱ्याने आत जाऊन दार आपटायची. मग बाबा मशीनवर पाय मारत तेच गाणं स्वतः म्हणायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की गायक उगाच घाई करतो, आणि हे गाणं तुझ्या आईला दुसऱ्या कुणी ऐकवलेलं मला खपत नाही. मग तुम्ही का नाही ऐकवत, म्हटलं, तर लाजून सुईत दोरा ओवायला लागले. कुणाला सांगू नकोस म्हणाले आणि मी बापडी खरंच गप्प बसले.

आईला आधी काही सांगू नकोस. नाही जमलं तर ती पार खचेल. माझाही जीव टांगणीला लागलाय.

तिथे नसूनही तिथेच असलेली,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
आज नमस्कार साष्टांगाहून मोठा समज!

थेरपिस्ट बाई आल्या असताना खोलीतल्या रेडिओला पेनड्राइव्ह जोडून गाणं लावलं. पहिलीच ओळ झाली आणि बाबांनी हाताने खूण केली, बंद कर. आईचा चेहरा उतरला. सांगितलं होतं ना, म्हणाली आणि सवयीने आत जायला उठली. तुझं पत्र नसतं तर मीही हात टेकले असते. मी रेडिओ बंद केला आणि दारात आडवा उभा राहिलो.

आधी चादरीखाली त्यांचा पाय हलायला लागला, अगदी मशीनवर हलायचा तसा. मग आवाज आला. घोगरा, शब्द अर्धेमुर्धे. दुसऱ्या कडव्यात मात्र स्वच्छ शब्द, ताई! सावकाश, घाई न करता. आई उभीच. मी चक्क हुंदके देऊन रडलो, तू हवी होतीस.

गाणं संपल्यावर बाबांनी आईकडे बघितलं आणि म्हणाले, थांब. हा शब्द गाण्यातला नव्हता. थेरपिस्ट बाईंनी टाळीच वाजवली.

आई मटकन त्यांच्याशेजारी बसली आणि जी सुरू झाली! एवढं येत होतं तर दार उघडून सांगायला काय झालं होतं, मी मेली आत बसून कुढत होते, वगैरे. बाबा ऐकत होते आणि हसत होते. किती दिवसांनी घरात कुणी कुणाला रागावलं! मला तर सुटल्यासारखं वाटलं. सध्या रोज सकाळी नवे दोन-चार शब्द येतात, त्यातले निम्मे माझ्या शर्टाच्या शिलाईला नावं ठेवण्यात जातात.

त्या दिवसापासून खोलीतला रेडिओ मुका आहे. आईनेच त्याची पिन काढून ठेवलीय.

सुट्टी मिळताच ये, लोभ पत्रात मावत नाही.
तुझा,
भुंग्या