सावळा रंग

मंगळवार, संध्याकाळ. वाडी.

आजही सवयीनं तेच केलं. स्टुडिओत आलेला फोटो उघडला, प्रिंटसाठी चेहऱ्यातला काळा-पिवळा रंग कमी केला, सेव्ह केला. गिऱ्हाइकाला गोरंच लागतं, आजवर कोणी तक्रार केली नव्हती.

कुही गावच्या एक मावशी वारलेल्या लेकीचा एकुलता एक फोटो मेमरी कार्डात घेऊन आल्या होत्या. प्रिंट पाहून म्हणाल्या, "हे माही पोरगी नाही गा. माही सावळी होती. तिचा रंग काहून काढला?"

मूळ फोटो शोधला. नव्हता. त्याच कार्डावर, त्याच नावानं मीच गोरा केलेला सेव्ह केला होता. कॉपी काहून नाही काढली मी?

अंदाजानं पिवळा वाढवला, काळा वाढवला. सात प्रिंट काढल्या. सातव्या प्रिंटशेजारी मावशींनी आपला हात ठेवला. "असा होता. हा पाहून कर."

त्या हाताचा रंगही मले जमला नाही.